तूप-तेल बंद आहे, मग अंगात चरबी येते कुठून?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ४२ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दीड वर्षापासून तूप पूर्ण बंद, भाजी पाण्यावरच शिजवतात, तळलेलं काही खात नाहीत. तरी लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २८६ आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. उंची पाच फूट एक इंच, वजन ६१ किलो, दिसायला जाड नाहीत. दारूचा प्रश्नच नाही. दिवसाला चार चहा दोन-दोन चमचे साखरेचे, सोबत बिस्किट किंवा टोस्ट, नाश्त्याला पोहे नाहीतर उपमा, डब्यात पोळी-भाजी, रात्री भात-वरण, आणि गुरुवार-चतुर्थीला उपवास. विचारतात की चरबी खातच नाही तर ती येते कुठून, आणि चालायला लागलं तर ती जाते कुठे, घामातून जाते का?

ताई, मी एमडी मेडिसिन, सांगली भागात २४ वर्षं प्रॅक्टिस करतोय, आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या पेशंटच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की आज जरा सविस्तरच लिहितो. तुम्ही दीड वर्ष मन मारून बिनफोडणीचं जेवताय आणि रिपोर्ट मात्र हलत नाहीये, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मेहनत खरी आहे फक्त ती चुकीच्या जागी चालली आहे.

आधी एक घरातली गोष्ट बघा. म्हैस काय खाते? कडबा, ओली वैरण, थोडी पेंड. कडब्यात तेल असं जवळजवळ नसतंच, आणि तीच म्हैस सकाळ-संध्याकाळ सहा-सात फॅटचं दूध देते, डेअरीवर फॅट किती लागली त्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. मग एवढं लोणी आलं कुठून? थोडं पेंडीतनं आलं, पण पुष्कळसं म्हशीने स्वतः बनवलं. तिच्या पोटातले जंतू चाऱ्याचा चोथा आंबवून त्याचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड करतात, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि त्याचे छोटे छोटे दोन कार्बनचे तुकडे एकाला एक जोडत कास चरबी तयार करते. आपल्याला म्हशीचं पोट नाही, चोथा आपल्याला तसा वापरता येत नाही, पण दोन कार्बनचे तुकडे जोडून चरबी करायची ती विद्या आपल्याकडेही आहे, आणि आपण ती मुख्यतः लिव्हरमध्ये वापरतो. कच्चा माल म्हणजे साखर आणि पिष्ट, पोळी भात साबुदाणा बिस्किट सगळं त्यात आलं.

ह्यावरून १८४० च्या दशकात युरोपात मोठं भांडण झालं होतं. पॅरिसचे द्युमा आणि बूसँगो म्हणायचे की चरबी फक्त वनस्पती बनवतात, प्राणी ती खाऊन नुसती साठवतात. जर्मनीचा लीबिग म्हणायचा की नाही, प्राणी पिष्ट आणि साखरेपासून चरबी करतात, आणि तो गाईच्या लोण्याचंच उदाहरण द्यायचा. शेवटी बूसँगोने स्वतः डुकरं आणि बदकं-हंस पाळून त्यांच्या खाद्यातली चरबी आणि अंगावरची चरबी मोजली, आणि लीबिगचं खरं निघालं. म्हणजे "चरबी खाल्ली नाही तर चरबी होणार नाही" हा समज पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मोडलाय, पण आपल्या स्वयंपाकघरात तो अजून ठाण मांडून आहे.

आता तुम्ही तेल-तूप खाल्लंच तर त्याचं काय होतं ते पटकन सांगतो. पित्तामुळे त्याचे बारीक थेंब होतात, स्वादुपिंडाचा रस ते तोडतो, आतड्याच्या पेशी ते तुकडे आत घेऊन परत जोडतात आणि प्रथिनाचं वेष्टन घालून पुड्या बांधतात, त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. ह्या पुड्या बाकीच्या अन्नासारख्या थेट लिव्हरकडे जात नाहीत, त्या लसीकावाहिन्यांमधून वर जाऊन डाव्या खांद्याजवळ, मानेच्या मुळाशी रक्तात मिसळतात. १६२२ साली इटलीत गास्पारे असेलीला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याजवळ ह्या वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या होत्या. आमच्या लॅबवाल्याचाही कधी कधी फोन येतो, डॉक्टर सॅम्पल लायपेमिक आहे, म्हणजे रक्तातलं पाणी पांढुरकं झालंय. ताकीद देऊनही पेशंट जेवून आलेला असतो, नाहीतर त्याचं ट्रायग्लिसराइड खरंच फार वाढलेलं असतं.

पण तुमचा रिपोर्ट उपाशीपोटीचा आहे. बारा तास उपाशी राहिल्यावर जेवणातल्या पुड्या रक्तात उरलेल्याच नसतात. मग ते २८६ कुठले? ते लिव्हरने पाठवलेले. लिव्हर स्वतःकडची चरबी वेगळ्या पुडीत बांधून रक्तात सोडतं, तिला व्हीएलडीएल म्हणतात, आणि उपाशीपोटीच्या ट्रायग्लिसराइडमध्ये मुख्यतः तीच मोजली जाते. म्हणजे तो आकडा तुमच्या कढईबद्दल फार थोडं सांगतो, तुमच्या लिव्हरबद्दल पुष्कळ सांगतो.

साठवण समजून घ्यायला मी माझ्या पेशंटना हरिपूरच्या पेवांचं उदाहरण देतो, सांगलीजवळचं हरिपूर, तिथे जमिनीत खोल खड्डे करून हळद साठवायचे, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं (२००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं निकामी झाली, ते दुःख अजून आहे). तर आपल्या शरीरात दोन साठे आहेत. एक स्वयंपाकघरातला पिठाचा डबा, म्हणजे ग्लायकोजेन, लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. दुसरं पेव, म्हणजे चरबीच्या पेशी. डबा हाताशी असतो, लगेच काढता येतो, पण लहान आहे आणि जड आहे, कारण ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवावं लागतं. चरबीला पाणी लागत नाही आणि एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, पिष्टात ४. पंधरा किलो चरबी असलेल्या माणसाकडे सव्वा लाखाच्या वर कॅलरी साठलेल्या असतात, तेवढ्याच ग्लायकोजेनच्या रूपात ठेवायच्या झाल्या तर पाण्यासकट सव्वाशे किलोहून जास्त ओझं अंगावर वागवावं लागेल. म्हणून निसर्गाने चरबी निवडली. आणि म्हणूनच कुठलंही डाएट सुरू केलं की पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो धडाधड उतरतात, ते बहुतेक डब्यातलं पीठ आणि त्याचं पाणी असतं, पेवाला अजून हातही लागलेला नसतो.

पेव वाईट नाही हे मला फार ठासून सांगायचंय. लोक चरबीच्या पेशीला शत्रू समजतात. ती जिवंत पेशी आहे, तिच्यातून लेप्टिन नावाचं हार्मोन येतं जे मेंदूला साठा किती आहे ते कळवतं, १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमनच्या लॅबमध्ये ते सापडलं. काही मुलं जन्मतःच चरबीच्या पेशींशिवाय येतात, लायपोडिस्ट्रॉफी म्हणतात त्याला, अंगावर स्नायू नि शिरा स्पष्ट दिसतात, बघणाऱ्याला वाटेल काय पैलवान शरीर आहे, आणि त्याच मुलांना भयंकर फॅटी लिव्हर, खूप वाढलेलं ट्रायग्लिसराइड आणि लहान वयात डायबेटीस होतो. कारण पेवच नाही, आलेला माल ठेवायचा कुठे, मग पोती माजघरात, देवघरात, वाट मिळेल तिथे. तुमचंही थोड्या प्रमाणात हेच झालंय ताई. कातडीखालचं पेव भरत आलं आणि पोती लिव्हरमध्ये येऊन पडायला लागली.

"पण मी जाड नाही" ह्यालाही उत्तर आहे आणि ते आपल्या पुण्यातूनच आलंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांमधल्या बाळांचा अभ्यास केला, १९९३ पासून तो चालू झाला. पुण्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांमध्ये जे कमी होतं ते मुख्यतः स्नायू आणि आतले अवयव, कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक पण चरबीदार. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे युडकिन ह्या दोघांचा एक फोटो लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच म्हणतो, आतला हिशोब दुपटीच्या वर वेगळा. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त धरतात आणि २५ ला लठ्ठपणा. तुमचा २५.४ येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेप घेऊन पोटाचा घेर मोजा, बाईचा ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर असेल तर आत पोती साचतायत असं समजायचं.

आता चरबी बनते कशी. पोळी-भाताचं ग्लुकोज झालं, रक्तात आलं, स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडलं. इन्सुलिनला लोक फक्त शुगर कमी करणारं औषध म्हणून ओळखतात, पण त्याचा मूळ स्वभाव घरातल्या काटकसरी आजीचा आहे, आलेलं सांडू द्यायचं नाही, डबे भरून ठेवायचे. ते आधी स्नायू आणि लिव्हरचा डबा भरतं. डबा भरला आणि माल येतच राहिला तर लिव्हरमध्ये ग्लुकोज मोडून दोन कार्बनचे तुकडे होतात, अ‍ॅसिटाइल कोए, असे आठ तुकडे जोडले की सोळा कार्बनचं पामिटिक अ‍ॅसिड होतं, आणि अशी तीन आम्लं ग्लिसरॉलच्या दांडीला लावली की ट्रायग्लिसराइड. तीन म्हणून ट्राय.

ह्यात एक जागा आहे जी मला शिकतानाही फार सुंदर वाटली होती आणि आजही वाटते. चरबी बनवताना मधे एक पदार्थ तयार होतो, मॅलोनिल कोए. १९७७ मध्ये डॅलसच्या मॅकगॅरी आणि फॉस्टर ह्यांनी दाखवलं की हाच पदार्थ चरबी जाळायच्या भट्टीचं दार बंद करतो. भट्टी म्हणजे माइटोकॉन्ड्रिया, तिच्या दारातून लांब साखळीची चरबी आत न्यायला कार्निटिनची गाडी लागते आणि मॅलोनिल कोए ती गाडीच अडवतो. म्हणजे लिव्हर ज्या वेळी चरबी बनवत असतं त्या वेळी ते चरबी जाळत नाही, दोन्ही कामं एकदम होऊ नयेत अशीच रचना आहे. तुम्ही दर तीन तासांनी गोड चहा आणि बिस्किट घेता तेव्हा दिवसभर इन्सुलिन चढतं ठेवता आणि ते दार उघडायला फुरसतच मिळत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अर्धवट माहितीवर लोक भात सोडून लोण्याचे गोळे खायला लागतात. निरोगी, सडपातळ माणसात साखरेपासून नवीन चरबी बनायचं प्रमाण कमीच असतं. तिथे जास्तीचं पिष्ट वेगळ्या वाटेने वजन वाढवतं, शरीर ते पिष्ट आधी जाळतं आणि जेवणातली चरबी जशीच्या तशी पेवात जाते. पण फॅटी लिव्हर झालेल्या माणसाचं गणित बदललेलं असतं. २००५ मध्ये अमेरिकेत अशा पेशंटच्या लिव्हरमधल्या चरबीचा माग काढला तर सुमारे ५९ टक्के चरबी पेवातून झिरपून आलेली होती, २६ टक्के लिव्हरने नवीन बनवलेली आणि फक्त १५ टक्के सरळ जेवणातली. ताई, तुम्ही दीड वर्ष त्या १५ टक्क्यांशी भांडताय. आणि पेवातून झिरपतं का, तर पोटाचा घेर वाढला की चरबीच्या पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, झाकण नीट बसत नाही, रात्रंदिवस थोडं थोडं गळत राहतं आणि ते लिव्हरमध्ये जमतं.

शिवाय तेल फार कमी करून ती जागा भात, पोळी आणि साखरेने भरली तर कित्येकांचं ट्रायग्लिसराइड उलट वाढतं. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या एहरेन्सने हे पेशंट वॉर्डमध्ये ठेवून, मोजून जेवण देऊन दाखवलं होतं. माझ्या ओपीडीत तर रोज दिसतं, घरात "तेलकट नको" म्हणून खाकरा, मुरमुरे, मारी बिस्किट, टोस्ट ह्यांचे डबे भरलेले असतात.

साखरेचं थोडं वेगळं आहे. आपली साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, फ्रुक्टोजचा बराच भार लिव्हरवर येतो, आणि ग्लुकोजला जी एक तपासणीची चौकी लागते ती फ्रुक्टोजला लागत नाही, ते थेट आतल्या यंत्रणेत घुसतं. तुमचे चार चहा म्हणजे आठ चमचे, साधारण ४० ग्रॅम साखर रोज, महिन्याला किलोच्या वर, आणि ही फक्त चहातली, बिस्किटातली धरलीच नाही. पहिलं काम मी हेच सांगेन, चहा बंद करू नका, साखर बंद करा, आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा उतरवत गेलात तर जीभ महिन्या-दीड महिन्यात सरावते. गूळ किंवा मध घातला तर लिव्हरला काही फरक कळत नाही, हे पण आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

आता साठा वापरायचा कसा. रात्री आठला जेवलात, दहा-अकरापर्यंत जेवणावर चाललं, मग इन्सुलिन उतरतं. इन्सुलिन उतरलं की पेवाचं तोंड उघडतं, पेशीतली एंझाइम्स ट्रायग्लिसराइड तोडून तीन फॅटी अ‍ॅसिड आणि एक ग्लिसरॉल मोकळं करतात. ग्लिसरॉल लिव्हरला जाऊन त्याचं ग्लुकोज होतं, फॅटी अ‍ॅसिड रक्तातल्या अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून हृदयाला, स्नायूंना, लिव्हरला जातात. पहाटे तुम्ही झोपेत असता तेव्हा निम्म्याहून जास्त ऊर्जा चरबीतूनच येत असते, कुठलंही औषध नाही, व्यायाम नाही, नुसतं शांत झोपून. भट्टीत गेल्यावर सोळा कार्बनची साखळी परत दोन-दोनच्या तुकड्यांनी मोडते, जशी जोडली तशीच. हे १९०४ मध्ये जर्मनीत फ्रान्झ क्नूपने शोधलं, त्याने फॅटी अ‍ॅसिडच्या टोकाला एक खूण म्हणून बेन्झिनची कडी लावली, कुत्र्यांना खायला घातलं आणि लघवीत काय उरतंय ते बघितलं. एका पामिटिक अ‍ॅसिडमधून १०६ एटीपी, म्हणजे पेशीतली ऊर्जेची नाणी, मिळतात, एका ग्लुकोजमधून ३० ते ३२.

आणि मग जाते कुठे? घामातून नाही ताई. चरबी श्वासातून जाते. १० किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. हे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दोघांनी साधा रसायनशास्त्राचा हिशोब करून मांडलं आणि सांगायची गोष्ट म्हणजे तेव्हा बऱ्याच डॉक्टरांनाही ते नीट सांगता येत नव्हतं, चरबीची उष्णता होते असंच बहुतेक म्हणायचे. म्हणून पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालणं, घाम काढायचे पट्टे, स्टीम, ह्याने पाणी जातं आणि दोन ग्लास पाणी प्यायलात की परत येतं. जोरजोरात श्वास घेऊनही चरबी जळत नाही, आधी पेशीने ती जाळायला हवी तरच तो कार्बन बाहेर येणार.

मेंदूचं एक वेगळं आहे. त्याला फॅटी अ‍ॅसिड जाळून भागत नाही, त्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, आणि चरबीच्या लांब साखळीपासून माणसाला ग्लुकोज करता येत नाही. मग दुष्काळात माणूस जगला कसा? लिव्हर चरबी मोडून तिचे कीटोन नावाचे छोटे तुकडे बनवतं आणि मेंदू हळूहळू त्यावर चालायला शिकतो. बोस्टनच्या जॉर्ज काहिलच्या टीमने १९६७ मध्ये कित्येक आठवडे उपाशी असलेल्या लोकांवर हे मोजून दाखवलं, मेंदूची बरीचशी गरज कीटोनवर भागत होती. हे नसतं तर स्नायू मोडून त्याचं ग्लुकोज करता करता माणूस दोन-तीन आठवड्यांत संपला असता.

हीच यंत्रणा इन्सुलिनशिवाय कशी होते ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. टाइप वन डायबेटीसचा सोळा वर्षांचा मुलगा, घरच्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून इन्सुलिन थांबवून कसलीतरी पावडर सुरू केली होती, चार दिवसांनी रात्री आणला तेव्हा श्वास लांब लांब, खोल, आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. पेवाचं झाकणच उडालं होतं, सगळी चरबी एकदम रक्तात, लिव्हर कीटोन करत सुटलं आणि रक्त आम्ल झालं. तीन दिवस आयसीयूत झुंजून तो वाचला. १९२२ मध्ये इन्सुलिन औषध म्हणून आलं, त्याच्या आधी अशी मुलं वाचतच नव्हती. म्हणून कुणीही, मी लिहिलेलं वाचून, "इन्सुलिन चरबी साठवतं" म्हणून चालू असलेलं इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करू नये, हात जोडून सांगतो. गोळ्यांवर असलेल्यांनीही उपवास किंवा कीटो डाएट आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये, काही गोळ्यांमध्ये शुगर धोकादायक पातळीला उतरते आणि काहींमध्ये शुगर फार न वाढताही कीटोन चढतात.

उपवासाकडे येतो. उपवासाचा शरीराला फायदा काय, तर इन्सुलिनला विश्रांती आणि पेवाचं तोंड उघडं. आपण काय करतो, साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, दुपारी केळं, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि मधेमधे चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, ना त्यात प्रथिन ना चोथा, त्या दिवशी इन्सुलिन बाकीच्या दिवसांपेक्षा जास्त चढतं. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्या आज्यांनीच म्हणून ठेवलंय. श्रद्धेला मी हात लावत नाही, माझी आईसुद्धा चतुर्थी करते. तिला मी एवढंच सांगितलं की दिवसभर पाणी, ताक, बिनसाखरेचा चहा, भूक लागली तर मूठभर शेंगदाणे, आणि चंद्रोदयानंतर साधं वरण-भात-भाजीचं जेवण. ताई, तुमच्या वयात, शुगरची गोळी चालू नसेल तर तुम्हालाही हे चालेल.

चालण्याचा हिशोबही खरा सांगतो. तुमच्या वजनाच्या बाईने पाऊण तास बऱ्यापैकी चाललं तर साधारण १६० कॅलरी खर्च होतात आणि अंगावरची एक किलो चरबी म्हणजे ७,७०० च्या आसपास कॅलरी. नुसत्या चालण्याने किलोला दीड महिना लागेल. हे ऐकून पेशंट नाराज होतात, पण चालण्याचा मोठा फायदा कॅलरीत नाही. आखडणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतो, म्हणजे तो माल लिव्हरकडे जाण्याआधीच संपतो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं म्हणून इतकं उपयोगी आहे, आपली शतपावली म्हणजे हेच, फक्त ती शंभर पावलांवर थांबवू नका. आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताकद लावायचा व्यायाम करा, खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, पाण्याच्या बाटल्या उचलणं, काही चालेल, कारण आपल्या लोकांकडे स्नायूच मुळात कमी आहेत आणि डबा तिथेच असतो. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही, पेव सगळीकडून उतरतं, आणि पेशींची संख्याही कमी होत नाही, त्या नुसत्या लहान होतात. वजन इतक्या पटकन परत येतं त्याचं हे एक कारण आहे.

तूप-तेल पूर्ण बंद करणं मला मान्य नाही. लिनोलेइक आणि अल्फा लिनोलेनिक ही दोन फॅटी अ‍ॅसिड आपल्याला बनवता येतच नाहीत, अमेरिकेत बर पती-पत्नींनी १९२९ मध्ये उंदरांना बिनचरबीचं खाणं देऊन बघितलं तर त्यांची वाढ खुंटली, कातडी खवलेदार झाली. ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्सही चरबीबरोबरच शोषली जातात. जवसाची चटणी रोज एक चमचा खा, शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल मोजून वापरा, वरणावर अर्धा चमचा तूप घ्या, तळण नको ते बरोबर आहे तेवढं. भाताची वाटी अर्धी करून तिथे उसळ, पिठलं, दही, अंडं खात असाल तर अंडं, असं काहीतरी येऊ द्या. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि सकाळपर्यंत मधे काही नाही.

वजन ६१ वरून ५७ च्या खाली आलं, म्हणजे सुमारे ७ टक्के, तर फॅटी लिव्हर बऱ्याच जणांचं स्पष्ट सुधारतं, ३ ते ५ टक्क्यांनीच चरबी उतरायला लागलेली दिसते. फार घाई करू नका, एकदम उपाशी राहून महिन्यात आठ-दहा किलो उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात. त्याआधी टीएसएच, एचबीएवनसी आणि लिव्हरच्या एंझाइम्स एकदा करून घ्या, कारण थायरॉइड कमी असलं किंवा शुगर वाढलेली असली तरी ट्रायग्लिसराइड चढतं, आणि पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या किंवा स्टिरॉइड चालू असतील तर डॉक्टरला सांगा. १५० च्या खाली नॉर्मल, तुमचे २८६ जास्त आहेत पण घाबरण्यासारखे नाहीत. ५०० च्या वर गेले तर मात्र स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो, तिथे औषध लागतं, आणि वरच्या पोटात पाठीकडे जाणारी जोराची कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं.

तीन महिन्यांनी परत लिपिड करा, बारा तास उपाशी राहून, आणि आदल्या रात्री नेहमीसारखंच जेवा, रिपोर्ट चांगला यावा म्हणून मुद्दाम कमी खाऊ नका. घेर मोजून तारीख टाकून लिहून ठेवा. आणि आज संध्याकाळपासून भाजीला मोहरी-जिऱ्याची फोडणी द्या.